अकरा मिनिटं मागं

ज्या यंत्रापायी माझी नोकरी गेली ते मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. हातभर रुंद, दोन बोटं उंच, करड्या रंगाचा लोखंडी डबा. पुढच्या बाजूला छोटा पडदा आणि तीन दिवे. त्याआधी तीन वर्षं मी रोज त्याच्याशी बोलत होते, पण केजहून, आमच्या घराच्या माडीवरच्या खोलीत बसून.

पुण्यात मी सहा-सात वर्षं नोकरी केली. नवरा केजला शाळेत मास्तर. त्याची बदली होत नव्हती, म्हणून शेवटी मीच गाशा गुंडाळला. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायची सवय सगळ्यांनाच लागली होती. पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीनं मला तशी नोकरी दिली. ही कंपनी वीज प्रकल्पांना टाइम सर्व्हर बसवून द्यायची आणि पुढं त्यांची देखभाल करायची. माझ्याकडं राज्यभरातले तीसेक डबे होते. सगळ्यात जवळचा धारूरच्या पुढं, बालाघाटाच्या माथ्यावर, पवनचक्क्यांची वीज गोळा होते त्या सबस्टेशनमध्ये. माझ्या घरापासून दोन तासांच्या आतली वाट. तरी तिथं जायची कधी गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटलंही नाही.

टाइम सर्व्हरचं काम म्हटलं तर सोपं आहे. सबस्टेशनमध्ये पन्नास यंत्रं असतात. ब्रेकर, म्हणजे लाईनचा मोठा खटका, कधी पडला, कधी लागला, करंट किती वाजता वाढला, प्रत्येक गोष्ट कुठलं ना कुठलं यंत्र नोंदवून ठेवतं. त्या सगळ्यांचं घड्याळ एक असावं लागतं. टाइम सर्व्हर छपरावरच्या अँटेनातून उपग्रहांकडून वेळ घेतो आणि नेटवर्कवरून सगळ्यांना वाटतो. बाकीची यंत्रं तो सांगेल ती वेळ मुकाट्यानं मानतात.

माझं काम त्या डब्याची तब्येत घरबसल्या बघायचं. त्यासाठी एसएनएमपी नावाची एक पद्धत असते. डब्यातल्या प्रत्येक गोष्टीला ठिपक्या-ठिपक्यांचा एक लांबलचक आकडा दिलेला असतो. तो आकडा लावून 'गेट' पाठवलं की डबा उत्तर देतो. 'सेट' पाठवलं की ती गोष्ट आपल्याला हवी तशी बदलते. आणि काही बिघडलं तर डबा न विचारता स्वतःहून निरोप धाडतो, त्याला 'ट्रॅप' म्हणतात. सकाळी चहा घेत घेत मी तीसही डब्यांना गेट पाठवायचे. उपग्रह किती दिसतात? वेळ जुळलेली आहे का? आतलं तापमान किती? उत्तरं आली की कागदावर टिक करायची आणि दिवस सुरू.

कधीमधी मात्र तिथं हात लागायचे. वायर हलली, फ्यूज उडाला, असं काही झालं की मी सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये फोन लावायचे आणि दिवसपाळीचे ऑपरेटर फोन उचलायचे. धारूरचे मुसलमान गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढं. त्यांच्या घरात तीन पिढ्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं काम. ह्यांनी आयटीआय केलं आणि पवनचक्क्या आल्या तसे इथं लागले, कंत्राटावर. मी त्यांना चाचा म्हणायचे. ते मला पहिल्यांदा बाई म्हणायचे, मग ताई म्हणू लागले. तीन वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या मुलीला बारावीला किती मार्क पडले ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते त्यांना.

एकदा त्यांनी विचारलं, "ताई, तुमी केजात बसून ह्याच्याशी बोलता तरी कसं?"

मी गेट, सेट, ट्रॅप सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे इचारल्याबिगर बोलत न्हाई, अन् दुखलं तरच वरडतं. आमच्या घरच्या मान्सांच्या लई उलटं हाय." आम्ही दोघं खूप हसलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिथल्या छपराची गळती बंद करायला कामगार आले. त्यांनी अँटेनाची केबल तोडली. तोडली आणि कुणाला न सांगता डांबराखाली दाबून टाकली. माझ्याकडं ट्रॅप आला, उपग्रह दिसत नाहीत. मी चाचांना वर पाठवलं. त्यांनी खाली येऊन सांगितलं, "वायर गेलीच समजा. नवी वढावी लागंल."

मी कंपनीत कळवलं. आमचे मॅनेजर पुण्यात बसायचे. माणूस गोड बोलायचा, मॅडम मॅडम करायचा. म्हणाले, पुढच्या फेरीला माणूस जाईल तेव्हा नवी केबल नेईल. तशी घाई नव्हती. अँटेना नसली तरी डबा आतल्या घड्याळावर बरेच दिवस नीट वेळ ठेवतो. पण गिऱ्हाइकाच्या मुख्य ऑफिसात एक मोठा पडदा होता आणि त्यावर आमच्या डब्यापुढं लाल ठिपका दिसायला लागला. डबा सगळ्यांना खरं सांगत होता की माझा उपग्रहाशी संबंध तुटलाय, माझ्यावर फार विसंबू नका. दोन आठवडे तो लाल ठिपका तिथल्या साहेबांच्या डोळ्यांत खुपला आणि मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, त्याला आतलं घड्याळच मुख्य समजायला सांगता येतं ना?"

"येतं. पण मग अँटेना नसल्याचं तो सांगणारच नाही. सगळं ठीक आहे म्हणेल."

"तेच तर हवंय. केबल बदलेपर्यंत. एक सेट टाकून द्या."

मी टाकला. एक ओळ. एंटर दाबायला क्षणही लागला नाही. मुख्य ऑफिसातला ठिपका हिरवा झाला आणि मॅनेजरनं अंगठा पाठवला. लेखी काही नव्हतं, सगळं फोनवर. मी तरी लेखी मागायला हवं होतं, पण तेव्हा ते सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि मीच म्हटलं असेल की जाऊ दे. आता खात्रीनं सांगता येत नाही.

केबल बदलायला कुणी गेलं नाही. थंडीत सबस्टेशनचा बॅटरी चार्जर बिघडला, तासभर सगळी यंत्रं बंद पडून पुन्हा चालू झाली. डब्याच्या आत नाण्याएवढा सेल असतो, वीज गेली की तो वेळ धरून ठेवतो. तो सेल मरायला टेकला होता. डबा चालू झाला तो अकरा मिनिटं मागची वेळ घेऊन. अँटेना असती तर दुरुस्त झाला असता. मी सेट टाकलेला नसता तर निदान ओरडला असता. तो शांतपणे सगळ्यांना अकरा मिनिटं मागची वेळ वाटत बसला आणि पन्नास यंत्रांनी ती घेतली. कंट्रोल रूममध्ये जिकडं बघावं तिकडं एकच वेळ, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

चाचांना आली. चार-पाच दिवसांनी त्यांचा दुपारी फोन आला.

"ताई, इथलं घड्याळ मागं चाललंय जणू. माझ्या नमाजाच्या टायमाला जुळंना."

त्या वेळी माझ्या हातात दुसऱ्या एका ठिकाणचं काम होतं आणि तिथला इंजिनिअर दुसऱ्या फोनवर ओरडत होता. मी घाईघाईनं डब्याला गेट पाठवलं, वेळ जुळलेली आहे का? उत्तर आलं, आहे. हे उत्तर मीच त्याच्या तोंडात घातलं होतं, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हतं. नुसतं किती वाजले एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. त्यालाही एक आकडा आहे, मला पाठ होता.

मी म्हटलं, "चाचा, सर्व्हर ठीक आहे. तुमच्या घड्याळाचं बघा."

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हंता तर आसंल." त्यांनी ते आपल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं, 'घड्याळ मागे आहे, केजच्या ताईंना कळवले.' तारीख, वेळ, सही. हे मला नंतर कळलं.

त्यानंतर दहाव्या दिवशी अपघात झाला.

एका लाईनचं काम चालू होतं. अशा वेळी ऑपरेटर लाईन बंद करतो आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरला परमिट देतो. काम संपलं, माणसं खाली उतरली, की सुपरवायझर फोन करून परमिट परत करतो आणि मगच ऑपरेटर लाईन चालू करतो. चाचांनी चार वाजून अठरा मिनिटांनी फोन घेतला. सुपरवायझर म्हणाला, सगळे खाली आलेत, घ्या लाईन. चाचांनी चार एकवीसला ब्रेकर लावला. सगळे खाली आले नव्हते. नांदूरघाटचा एक वायरमन दुसऱ्या खांबावर होता. तो खाली फेकला गेला. जीव वाचला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याला अंबाजोगाईला नेलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या नोंदी काढल्या. त्यात ब्रेकर लागल्याची वेळ होती चार दहा. आणि फोन तर चार अठराचा, तो मोबाइल कंपनीच्या नोंदीत होता. म्हणजे कागदावर असं दिसलं की म्हाताऱ्या ऑपरेटरनं परमिट परत यायच्या आठ मिनिटं आधीच लाईन चालू केली. चाचांच्या रजिस्टरमध्ये चार एकवीस लिहिलं होतं, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणं. सगळे म्हणाले, ते त्यानं नंतर लिहिलं. यंत्र कशाला खोटं बोलेल?

चाचांचा फोन तिसऱ्या दिवशी आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, मी तीस वर्सं करंटात काम केलंय. परमिट आल्याबिगर म्या हात लावला न्हाई. कसम घेऊन सांगतो. ते चार दहा कावून दाखवतंय, तुमी बघता का जरा?"

मी डब्याला विचारलं, किती वाजले? त्यानं सांगितलं दोन सदतीस. माझ्या लॅपटॉपवर दोन अठ्ठेचाळीस झाले होते. मी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तेवढाच फरक. आणि मग मला तो लाल ठिपका आठवला, माझी एका ओळीची सेट कमांड आठवली, चाचांचा नमाजाचा फोन आठवला. चाचा फोनवरच होते.

"ताई? काय दिसतंय?"

"बघते," मी म्हटलं. "बघून सांगते." आणि फोन ठेवला.

मी सगळी उत्तरं एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि मॅनेजरला फोन लावला. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आधी वेळ दुरुस्त करा."

"सर, आत्ता दुरुस्त केली तर उद्या चौकशीला कुणी आलं तर त्यांना काय दिसणार?"

"बरोबर वेळ दिसेल. आपलं काम बरोबर वेळ देणं आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि मॅडम, ती सेट कमांड कुणाच्या लॉगिनवरून गेली होती?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मी वेळ दुरुस्त केली. हेही सेटनंच होतं, घरबसल्या. आठवड्याभरात नवी केबलही गेली. दोन महिने न मिळालेला माणूस लगेच मिळाला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भिडस्त माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुपरवायझर ज्या पुढाऱ्याचा भाचा होता त्याच्याच संस्थेत नवऱ्याची शाळा. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "तू कावून मधी पडतीस? तुला कुणी इचारलंय का?"

पंधरा दिवसांनी मला विचारायला बोलावलं. प्रकल्पाच्या मालकांनी चौकशी समिती नेमली होती आणि टाइम सर्व्हरवाल्या कंपनीचं कुणीतरी हजर पाहिजे होतं. पुण्याहून कोण येणार? मीच जवळ होते. मॅनेजरनं बजावलं, "विचारतील तेवढंच बोला."

केजहून एसटीनं धारूरला गेले, तिथून काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढं त्यांची गाडी न्यायला आली. माथ्यावर वारा असा होता की पदर सांभाळावा लागत होता. पवनचक्क्यांची पाती डोक्यावरून घूं घूं करत फिरत होती. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात माझा डबा होता. मी त्याच्यापुढं क्षणभर थांबले. तीनही दिवे हिरवे.

टेबलामागं तीन अधिकारी. एका बाजूला खुर्चीवर पांढऱ्या दाढीचे, बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ बसले होते. मी आत गेल्यावर ते अर्धवट उठले आणि हसले. तेव्हा कळलं की हे चाचा.

मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, हा टाइम सर्व्हर बरोबर वेळ दाखवतो का?"

"हो. सध्या बरोबर आहे."

"त्याच्यावर तुम्ही रोज लक्ष ठेवता?"

"हो."

"त्या काळात काही अलार्म आला होता का?"

"अपघाताच्या दिवशी कुठलाही अलार्म नव्हता." हे वाक्य मी बसमध्ये मनात तयार केलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

त्यानं रजिस्टर पुढं ओढलं. "ऑपरेटर म्हणतात, आधीच घड्याळ मागं असल्याचं त्यांनी तुम्हाला फोनवर कळवलं होतं. इथं तसं लिहिलंय. आला होता फोन?"

चाचा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता ताई सांगतील आणि हे सगळं मिटेल, असा तो चेहरा होता.

मी म्हटलं, "मला दिवसाला बरेच फोन येतात, सर. नक्की सांगता येणार नाही."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. चाचांनी मान खाली घातली नाही. नुसते बघत राहिले. मी पर्स उचलली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. गाडीत बसेपर्यंत मला कुणी हाक मारली नाही.

त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले हे सांगून उपयोग नाही. रोज सकाळी तीस डब्यांना प्रश्न विचारत होते आणि कागदावर टिक करत होते. बारा दिवसांनी कळलं की चाचांना कामावरून काढलं, आणि त्यांच्यावर पोलिसांत तक्रार द्यायचंही चाललंय. त्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपसमोर बसले आणि समितीला मेल लिहिला. सेट कधी टाकला, कुणाच्या सांगण्यावरून, डबा कधी बंद होऊन चालू झाला, चाचांचा फोन किती वाजता आला, मी काय उत्तर दिलं आणि समितीपुढं काय बोलले. उतरवून ठेवलेली फाइल जोडली. शेवटी लिहिलं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, पलीकडच्या टोकाला सरकारी सबस्टेशन आहे, त्यांचं घड्याळ वेगळं आहे, आपली लाईन चालू झाल्याची वेळ त्यांच्या नोंदीत मिळेल, ती मागवा.

मेल पाठवून झाल्यावर नवऱ्याला दाखवला. त्यानं पूर्ण वाचला. "आधी दाखवायचा व्हता," एवढंच म्हणाला. पुढचे कित्येक दिवस आम्ही भाजी आणि दूध सोडून काही बोललो नाही.

समितीनं सरकारी सबस्टेशनची नोंद मागवली. चार एकवीस. चाचांच्या रजिस्टरमधली वेळ मिनिटाला बरोबर निघाली. मला वाटलं, आता सुपरवायझरला विचारतील की माणूस खांबावर असताना तू परमिट कसं परत केलंस. अहवाल आला त्यात लिहिलं होतं, 'वेळेच्या नोंदींमध्ये तांत्रिक विसंगती आढळल्याने कुणा एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येत नाही.' झालं. पोलिसांची भानगड टळली, चाचांना कामावरून काढायचं कारणही उरलं नाही. पण तोवर वर्ष संपल्यामुळं चाचांचं कंत्राट आपोआप संपलं होतं, आणि नवं कुणी केलं नाही. सुपरवायझर आजही माथ्यावर आहे, आता त्याच्याकडं दोन प्रकल्प आहेत.

माझ्या कंपनीनं एका सकाळी माझं लॉगिन बंद केलं. तीसही डबे गप्प झाले. पत्रात कारण दिलं होतं, 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय टाइम सर्व्हरच्या मांडणीत केलेला बदल.' मॅनेजरनं फोन उचलला नाही. पत्रातला परवानगीचा भाग खोटा होता. बदल मीच केला होता, हे खरं होतं, आणि त्यामुळं भांडायलाही मला तोंड राहिलं नाही.

रिकामी झाल्यावर मी पहिल्यांदा नांदूरघाटला गेले, त्या वायरमनच्या घरी. तिशीचा गडी, अंगणात बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता. मी कोण ते सांगितलं आणि घड्याळाचा सगळा घोळ सांगितला. म्हटलं, तुम्हाला खरं काय ते कळायला हवं.

तो म्हणाला, "मॅडम, मला कशाला सांगता? मी तर खांबावरच व्हतो. खालून सुपरवायझरनं फोन केल्याला मी वरून आयकला. आरडलो बी, आजून मी वर हाय म्हणून. वारा त्याच्याकडून माझ्याकडं व्हता, त्याला आयकूच गेलं न्हाई."

"मग हे समितीला का नाही सांगितलंत?"

"मला कुणी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "मी अंबाजोगाईला गेलतो. आलो तवर त्यांचं लिवून झालतं."

मी तिथंच पायरीवर बसले. तीन अधिकारी, पन्नास यंत्रं, सरकारी सबस्टेशनच्या नोंदी, माझी फाइल. ज्याची बोटं गेली त्या माणसाला दोन प्रश्न विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

चाचांकडं जायला मला आणखी महिना लागला. धारूरच्या बाजारात त्यांच्या भावाचं मोटारी भरायचं दुकान आहे, तिथं ते पुन्हा बसायला लागले होते. तांब्याची तार गुंडाळत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला. मुलीचं विचारलं तर म्हणाले, नर्सिंगला गेली. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं त्यांनी विचारलं नाही.

मी म्हटलं, "चाचा, मी चुकले."

त्यांनी तारेचा वेढा पुरा केला, टोक चिमट्यानं तोडलं. "तुमचा मेल मला दाखवला कंट्रोल रूममधल्या एका पोरानं. लई चांगला लिवलाय. समदं खरं हाय त्यात."

"उशीर झाला मला."

"न्हाई, तसं न्हाई." ते पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलले. "मेल तुमी कागदाला लिवला, ताई. त्या दिशी मी तुमच्या म्होरं बसलतो. मला वाटलं, ही आपल्या वळखीची हाय."

चहा आला. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा कामाला लागले. एक शेतकरी पाण्याची मोटार घेऊन आला, ते त्याच्याशी बोलायला लागले, कधी जळाली, किती फूट खाली होती, जोडणी कुणी केलती. मी चहा संपवला. येते म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आता मी नागपूरच्या एका कंपनीसाठी तसंच काम करते, माडीवर बसून. डबे वेगळे, आकडे थोडेफार तेच. धारूरला पुन्हा गेले नाही. चाचांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मुलगी नर्स झाली असेल आता. विचारावं असं कित्येकदा वाटतं, आणि मी फोन लावत नाही.